‘नाही’ म्हणण्याची नोकरी

मुलाला बँकेत, रेल्वेत किंवा शाळेत नोकरी लागली, तर तिचं वजन कसं करायचं हे आपल्या घरांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. पगार किती, बदली कुठे, निवृत्तिवेतन आहे का, एवढे तीन प्रश्न विचारले की आजी देवापुढे साखर ठेवायला मोकळी. पण घरातला मुलगा वैमानिक झाला आणि पहिली नोकरी एखाद्या लहानशा चार्टर कंपनीत, म्हणजे भाड्यानं विमानं देणाऱ्या कंपनीत, चालून आली, तर हे तीन प्रश्न पुरत नाहीत.

आमच्या घरात गेले काही दिवस हाच विषय आहे. माझ्या थोरल्या बहिणीच्या नातवाला व्यावसायिक परवाना मिळून दीड वर्ष झालं. मोठ्या कंपन्यांच्या परीक्षा देऊन तो दमला. आता तीन-चार विमानं बाळगणाऱ्या एका कंपनीनं त्याला सहवैमानिक म्हणून बोलावलं आहे. घरात अर्थातच दोन पक्ष पडले. वडील म्हणतात, मिळतंय ते घे. आई म्हणते, त्या लहान विमानांचं काही खरं नाही. मी जन्मभर बँकेत कर्जाच्या फायली तपासल्या, म्हणून पोरगा माझ्याकडे आला. “आजोबा, तुम्हीच सांगा, घेऊ की नको?”

आधी कागदावर मांडता येतं ते मांडू. परवान्यासाठी किमान २०० तासांचं उड्डाण लागतं. शिक्षण गोंदियाजवळच्या बिरसीला घ्या, फुरसतगंजच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमीत घ्या किंवा परदेशात. आज एकूण खर्च पन्नास लाखांच्या घरात जातो. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांच्या वर गेलं की बँक सहसा तारण मागते आणि मध्यमवर्गीयाकडे तारण म्हणजे राहतं घर. ५० लाखांचं कर्ज १० टक्के व्याजानं १५ वर्षांत फेडायचं, तर दरमहा हप्ता होतो सुमारे ५३,७०० रुपये. शिकत असतानाचं व्याज वेगळंच.

आता तासांचा हिशेब. मोठ्या प्रवासी विमानाचा कप्तान होण्यासाठी जो वरचा परवाना लागतो, तो १५०० तासांशिवाय मिळत नाही. म्हणजे अजून १३०० तास. महिन्याला ६५ तास उडायला मिळाले तर ते वीस महिन्यांत भरतात. चार्टर कंपनीचं विमान पुष्कळदा गिऱ्हाइकाची वाट पाहत उभं असतं. तिथे महिन्याला २५ तास धरले, तर लागतात बावन्न महिने. त्यातही, एकाच वैमानिकासाठी प्रमाणित केलेल्या छोट्या विमानात सहवैमानिक म्हणून भरलेले तास पूर्ण धरले जाणार की निम्मे, हे आधी विचारून घ्यायला हवं. विशिष्ट जातीचं विमान चालवण्याचं शिक्षण, ज्याला टाइप रेटिंग म्हणतात, ते कोणाच्या पैशानं होणार आणि त्यापोटी किती वर्षांचा बाँड लिहून द्यायचा, हेही.

एवढं पाहिल्यावर वडिलांच्या पक्षाची बाजू लंगडी वाटेल. पण मोठी कंपनी म्हणजे पक्की नोकरी, हा समजही आता टिकत नाही. किंगफिशर २०१२ मध्ये थांबली, जेट एअरवेजची विमानं १७ एप्रिल २०१९ च्या रात्री उतरली ती उतरलीच, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये बंद पडली. उलट लहान कंपनीत मुलगा पुष्कळ शिकतो. आखूड धावपट्टी, आडगावचा विमानतळ, सामानाचं वजन, इंधनाची पावती, सगळं स्वतः बघावं लागतं. आणि लहान म्हणून कमी लेखावं असंही नाही. जे. आर. डी. टाटा १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन मुंबईला जुहूला उतरले, तेव्हा त्यांच्या कंपनीकडे दोन छोटी पुस मॉथ विमानं होती.

तेव्हा कागदावरचा हिशेब दोन्ही बाजूंनी मांडता येतो. निर्णय त्यावर होऊ नये असं मला वाटतं, आणि त्याचं कारण चार्टरच्या धंद्याच्या स्वरूपात आहे. मोठ्या विमानातल्या दीडशे-दोनशे प्रवाशांना कप्तानाचं नावही ठाऊक नसतं. कितीही चडफडले तरी ते त्याच्यावर दडपण आणू शकत नाहीत. चार्टरचा प्रवासी एकच असतो. त्यानं विमान भाड्यानं घेतलेलं असतं ते घाई असते म्हणूनच, आणि मालकाचा नंबर त्याच्या खिशात असतो. निवडणुकीच्या दिवसांत तर सभेची वेळ ढगांपेक्षा मोठी होते. ३० सप्टेंबर २००१ रोजी माधवराव शिंदे कानपूरच्या सभेला निघाले होते. खराब हवेत मैनपुरीजवळ त्यांचं खासगी छोटं विमान कोसळलं आणि त्यातलं कोणीच वाचलं नाही. त्या दिवशी कोणी कोणाला घाई केली, असं मला सुचवायचं नाही. पण अशा प्रत्येक उड्डाणाआधी कोणाला तरी ‘जाऊ या’ किंवा ‘थांबू या’ म्हणावं लागतं. नियमानं तो शेवटचा शब्द कप्तानाचा. व्यवहारात तो तसा राहतो का, हे कंपनीवर ठरतं.

आणि सहवैमानिकाचं काय? २७ मार्च १९७७ रोजी तेनेरिफच्या धावपट्टीवर दोन जंबो विमानं एकमेकांवर आदळून ५८३ माणसं गेली. समोरचं विमान धावपट्टीवरून बाजूला झालं नाही की काय, अशी शंका केएलएमच्या फ्लाइट इंजिनिअरनं बोलून दाखवली होती. अनुभवी कप्तानानं ती झटकली, आणि त्यानंतर कोणी जोर धरला नाही. हाताखालच्यानं बोलावं आणि वरच्यानं ऐकावं, हे वैमानिकांना रीतसर शिकवण्याची पद्धत पुढे रुजली, त्यामागे असे अपघात आहेत. बावीस-तेवीस वर्षांच्या पोरानं पन्नाशीच्या कप्तानाला “सर, परत फिरू या” म्हणणं आपल्याकडे तर फारच अवघड. मोठ्यांपुढे बोलू नये हे आपणच त्याला शिकवलेलं असतं.

बँकेत आम्हालाही ‘नाही’ म्हणावं लागे. तालुक्याच्या एका शाखेत असताना वरून फोन आलेली एक फाइल मी सही न करता परत पाठवली. तीन महिन्यांत माझी बदली झाली, तीही मुलांच्या शाळेच्या ऐन मध्यावर. ते मला झेपलं, कारण माझ्या डोक्यावर कर्ज नव्हतं. शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ माझ्याइतकेच सचोटीचे होते. पण घराचे हप्ते होते, दोन बहिणींची लग्नं होती. त्यांचं पेन लवकर चालायचं. मी त्यांना कधी दोष दिला नाही. बुडालेलं कर्ज बँक निर्लेखित करू शकते. आकाशात ती सोय नाही.

म्हणून मी नातवाला सांगितलं, नियुक्तिपत्रावर सही करण्याआधी त्या कंपनीतून बाहेर पडलेल्या दोन वैमानिकांना गाठ. हवेमुळे शेवटचं उड्डाण कधी रद्द झालं, आणि रद्द करणाऱ्या कप्तानाचं पुढे काय झालं, ते विचार. पगार ठरावीक आहे की उडालेल्या तासांवर, ते बघ. तासांवर असेल तर प्रत्येक नकार खिशाला लागतो. विमानातला बिघाड वहीत लिहिला जातो की तोंडी सांगितला जातो, तेही बघ. उत्तरं बरी आली तर पगार थोडा असला तरी ही नोकरी घे, मन लावून शीक. बरी नाही आली, तर उड्डाणशाळेत शिकवायची तयारी कर, वाट पाहा. तास तिथेही भरतात.

पण निम्मी जबाबदारी आईवडिलांची आहे. मुलगा विमान चालवताना घराचा हप्ता त्याच्या शेजारी बसलेला असू नये. जमेल तर वर्षभराच्या हप्त्यांची तजवीज आधी करून ठेवा. न जमलं तर बँकेकडून मुदत वाढवून घ्या, व्याज थोडं जास्त गेलं तरी चालेल. ‘कप्तान कधी होणार?’ हे दर रविवारी फोनवर विचारू नका. आणि एखाद्या दिवशी तो सांगेल की हवा वाईट होती, मी जाऊ नये म्हटलं, आणि आता नोकरी राहील असं वाटत नाही. त्या दिवशी त्याला घरी बोलवा आणि जेवायला वाढा.