मानसोपचार : पहिल्या पायरीनंतर

ताप तीन दिवस हटला नाही तर माणूस दवाखान्याची वाट धरतो. झोप तीन महिने उडाली तरी तो कोणाजवळ बोलत नाही. भंडारा जिल्हाही याला अपवाद नाही. परीक्षेच्या धास्तीने पुस्तक उघडू न शकणारा विद्यार्थी, कर्जाच्या हप्त्यांनी खचलेला कारकून, बाळंतपणानंतर उदास झालेली सून, या साऱ्यांना 'मन घट्ट कर' असे सांगितले जाते. तेवढ्याने भागले नाही म्हणजे अंगारा आणला जातो. बंगळुरूच्या 'निम्हान्स' संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या पाहणीत बहुतेक मनोविकारांच्या दर दहा रुग्णांपैकी सात किंवा त्याहून अधिक उपचारावाचून राहिल्याचे आढळले. त्या राज्यांत महाराष्ट्र नव्हता. पण शेजारचे मध्य प्रदेश आणि छत्तीसगड होते. सीमेच्या अलीकडे चित्र फार निराळे असेल, असे मानण्याचे कारण नाही.

वस्तुतः उपचाराचे दार आता पूर्वीइतके दूर नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये आला आणि १९९६ पासून तो जिल्हा पातळीवर नेण्यास प्रारंभ झाला. भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात चौकशी करणे ही पहिली पायरी होय. तेवढेही धैर्य होत नसेल तर ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'टेलि-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी, विनाशुल्क आणि मराठीतून बोलता येते.

येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवीधर असतो. तो औषध देतो. मानसशास्त्रज्ञ औषध देत नाही. संवादाच्या शास्त्रीय पद्धतीने तो विचारांची आणि वर्तनाची घडी बदलण्यास साहाय्य करतो. काहींना एकाची, काहींना दोघांचीही गरज असते. तज्ज्ञाची पदवी आणि नोंदणी विचारण्यात संकोच नसावा.

परंतु दार उघडले म्हणजे काम झाले, असा समज घातक आहे. इंजेक्शन घेणाऱ्याने स्वस्थ बसावे, बाकीचे औषध करील. मानसोपचारात असे होत नाही. अमेरिकेतील अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये मांडलेली आणि मराठीत 'विवेकनिष्ठ' म्हणून ओळखली जाणारी पद्धती घ्या. 'नापास झालो तर जगणे व्यर्थ' हा विचार कशावर आधारलेला आहे, हे तिच्यात रुग्णानेच तपासावयाचे असते. घरी लिहून, पुन्हा पुन्हा. म्हणून पहिल्या भेटीस जाताना त्रास कधीपासून आहे, झोप-भूक कशी आहे, चालू औषधे कोणती, हे कागदावर टिपून न्यावे. काय बदलावयाचे आहे, हे आरंभीच ठरवावे. दारू, कर्ज, घरातील मारहाण यांतले काही झाकून ठेवू नये. गोपनीयता हा रुग्णाचा कायदेशीर हक्क आहे. जिवाला धोका यांसारख्या कायद्याने ठरवलेल्या प्रसंगीच तिला मर्यादा पडते. दोन भेटींत गुण आला नाही म्हणून उपचार सोडू नये आणि बरे वाटले म्हणून औषध आपल्या मनाने बंद करू नये. काही भेटींनंतरही उमज पडत नसेल तर तसे तज्ज्ञाला स्पष्ट सांगावे. गरज पडल्यास तज्ज्ञ बदलावा. त्यात उपमर्द नाही.

रुग्णाने एवढे करावे, ही अपेक्षा योग्यच; पण शासनाचे काय? लाखांदूर वा तुमसर तालुक्यातील मजुराला रोवणीच्या दिवसांत एका भेटीसाठी रोजी बुडवून भाडे खर्चून यावे लागत असेल, तर तो दुसऱ्यांदा येणार नाही. रुग्णास दूरचा प्रवास करावा लागू नये, सेवा त्याच्या निवासाजवळ मिळावी, असे मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ सांगतो. हा कायदा २९ मे २०१८ पासून अमलात आहे. तो कागदावर राहावयाचा नसेल तर ठरलेल्या दिवशी ग्रामीण रुग्णालयात समुपदेशक हजर हवा, बोलण्यासाठी आडोशाची खोली हवी आणि पुढील भेटीची तारीख पाळली गेली पाहिजे. शिक्षकांनी गप्प झालेल्या मुलाला शिक्षा करण्यापूर्वी हा मार्ग दाखवावा. कचेरीतील सहकाऱ्यांनी उपचार घेणाऱ्याची थट्टा थांबवावी. पहिली पायरी रुग्ण चढेल. दुसरी त्याच्या आवाक्यात ठेवणे हे इतरांचे कर्तव्य आहे.