आधी भोपळा, मग षड्ज

आमच्या ऑफिसात सध्या क्लासिकल शिकण्याची लाट आलीये. अकाउंट्समधली एक, टेस्टिंगमधले दोघं आणि अस्मादिक! रियाजाला सगळ्यांकडे तानपुरा आहे. अर्थात मोबाइलमधला. बटण दाबलं की सुरू, हवी ती पट्टी, नंतर खिशात. सोय म्हणून झकासच! पण खरा तानपुरा कशाचा बनतो, असं विचारलं तर निम्म्यांचं उत्तर 'लाकडाचा'. नाही बॉस, तो खालचा गरगरीत भाग चक्क भोपळा असतो.

भाजीचा भोपळा मात्र नव्हे. हा कडू, जाड सालीचा. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या शेतांतून तो मिरजेला येतो. महिनोन्महिने वाळवतात, कापतात, मग पाण्यात भिजवून, आतून काठ्यांचा आधार देऊन त्याला आकार देतात. त्यावर तून नावाच्या लाकडाची तबली आणि दांडी बसते. शेवटी घोडी आणि तार यांच्यामध्ये साधा सुती दोरा सरकवला, की जवारी लागते. तो जो झंकार ऐकून आपण 'वाह' म्हणतो ना, त्यात त्या दोऱ्याचाही वाटा!

मिरजेत हे काम १९व्या शतकापासून चाललंय. फरीदसाहेब मूळचे शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार लावणारे. ते वाद्यांकडे वळले आणि पुढे घराण्याचं आडनावच झालं सतारमेकर. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय मानांकन मिळालं. टाळ्या!

मला काळजी आहे ती शेताची. मानांकन नाव राखतं, वेल नाही. भोपळा काही ऑर्डर देऊन मापात येत नाही. जो मोठा, गोल, बिनडागाचा निघेल, त्यातूनच निवडायचा. पुरुषांच्या तानपुऱ्याला मोठा घेर, बायकांच्या तानपुऱ्याला लहान. खाता येत नाही, त्यामुळे वाद्यवाल्यांनी घेतला नाही, तर शेतकऱ्याने तो विकायचा कुणाला? आणि वाद्यवाल्यांचं गिऱ्हाईक कोण, तर आपण. ॲप काही भोपळे विकत घेत नाही!

तेव्हा गाणं सीरियसली शिकणार असाल, तर पुढचा फोन घेण्याआधी एकदा मिरजेची वारी कराच. मुंबईहून रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये बसलात, की सकाळी मिरज. निवांत बसा, चार तानपुरे छेडून बघा. कुठलेही दोन भोपळे सारखे नसतात, तसे दोन तानपुरेही नसतात. आपला कुठला, ते कानच सांगतील.