डोंगराच्या पोटातील वास्तू



वास्तू म्हटली की आपली दृष्टी प्रथम वर जाते. मजले किती, शिखर किती उंच, दर्शनी भाग कसा, यांवरून आपण बांधणाऱ्याची थोरवी ठरवितो. परंतु बऱ्हाणपुरास चारशे वर्षांपूर्वीची एक वास्तू अशी आहे की, तिच्या माथ्यावरून चालून गेलेल्या परक्या वाटसरूस आपण एका बांधकामावरून आलो याची वार्ताही नसते. त्याला दिसते ती केवळ माळावर एका ओळीने गेलेली विहिरींची रांग. हाच तो कुंडी भंडारा. लोक त्याला खुनी भंडाराही म्हणतात; पाण्यास पूर्वी येणाऱ्या तांबूस छटेमुळे ते नाव पडले, असे सांगतात.

बऱ्हाणपूर तापीच्या उंच काठावर वसले आहे. १६०१ साली अकबर बादशहाने असीरगड घेतला आणि हे शहर मोगलांच्या दक्षिणेतील कारभाराचे मुख्य ठाणे झाले. फौज आली, व्यापारी आले, विणकर आले. त्यांच्यामागोमाग पाण्याची चणचणही आली. नदी पायथ्याशी असली तरी तिचे पाणी काठावर चढवून शहरभर पुरविणे मोठे कष्टाचे होते. शिवाय उघडे पाणी शत्रूने नासविण्याचे भय होतेच. तेव्हा येथील सुभेदार अब्दुर्रहीम खानखाना याने १६१५ साली, तबकुतुल अर्ज या नावाने ओळखल्या जाणाऱ्या इराणी जाणकाराकडून ही योजना सिद्ध करविली. ज्या रहीमचे हिंदी दोहे शाळेतील मुले पाठ करतात, तोच हा खानखाना.

योजना ऐकावयास सोपी आहे. सातपुड्यावर पडलेला पाऊस जमिनीत मुरतो आणि खडकांच्या फटींतून, कोणाच्या दृष्टीस न पडता, हळूहळू तापीच्या दिशेने झिरपत जातो. डोंगराच्या पायथ्याशी या पाझराची वाट ओळखून जमिनीखाली बोगदा खोदण्यात आला, आणि सुमारे वीस-वीस मीटरांवर त्याला वर उघडणाऱ्या कुंड्या ठेवण्यात आल्या. अशा कुंड्या शंभराहून अधिक आहेत. काहींची खोली ऐंशी फुटांच्या घरात जाते. त्यांतून खोदणाऱ्यांस हवा व उजेड मिळाला, माती बाहेर काढता आली आणि पुढे साफसफाईसाठी खाली उतरता आले. बोगद्यास उतार असा बेताचा दिला की पाणी अडून राहू नये आणि धावत सुटून तळही खरवडू नये. येथे मोट नाही, रहाट नाही, यंत्रही नाही. पाणी आपल्याच भाराने चालते, आणि डोक्यावर मातीचे छप्पर असल्याने वैशाखाच्या उन्हातही ते आटून जात नाही. मूल भंडारा, सुखा भंडारा, चिंताहरण आणि खुनी भंडारा यांचे पाणी जाली करंज येथे एकत्र येऊन नळांवाटे शहरात खेळविले जाई.

ही विद्या इराणची. तेथे अशा भुयारी कालव्यांस कनात म्हणतात. २०१६ साली युनेस्कोने त्यांतील काहींचा जागतिक वारशात समावेश केला. बऱ्हाणपूरचा भंडाराही २०२४ साली त्या वारशाच्या संभाव्य यादीत आला. याच काळात खानखानाचा रणांगणावरील प्रतिस्पर्धी मलिक अंबर याने आपल्या खडकी शहरास, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, नहर-ए-अंबरीने पाणी आणले. दोघे एकमेकांवर तलवार उपसून होते; परंतु तहानेवर दोघांनी एकच उपाय शोधला. आपणांस पवित्र शास्त्रातून परिचित असलेले शिलोहचे तळेही हिज्कीया राजाने खडकातून खोदविलेल्या बोगद्यानेच भरले जात असे.

आता या वास्तूचे खरे मर्म पाहा. तिचे छप्पर म्हणजे भुई, तिच्या भिंती म्हणजे खडक. मग तिचा पाया कोठे? तो आहे वर, सातपुड्याच्या उतारावर, जेथे झाडाच्या मुळाशी पावसाचा थेंब थांबतो आणि मुरतो. म्हणून बोगद्याची डागडुजी केली एवढ्याने या वास्तूची निगा राखली असे होत नाही. पाण्यातील चुना थरावर थर साचून तिची वाट अरुंद करतो, तो काढलाच पाहिजे. परंतु उतारावरील रान तुटले तर पाऊस माती घेऊन धावत सुटेल. आणि केळीच्या बागांसाठी कूपनलिका अधिकाधिक खोल गेल्या तर पाझर बोगद्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच खाली ओढला जाईल. तेव्हा एकही दगड न ढळता ही इमारत कोसळलेली असेल.

जुलै २०२२ मध्ये बऱ्हाणपूर हा घरोघरी नळाचे पाणी पोहोचल्याचे प्रमाणपत्र मिळविणारा देशातील पहिला जिल्हा ठरला. डोक्यावर हंडा घेऊन मैलोगणती चाललेल्या आयाबहिणींस यासारखे दुसरे सुख नाही. तथापि नळ हे केवळ पाण्याचे तोंड होय. त्याचे उदर डोंगरात व भूमीत आहे. खानखानाच्या लोकांनी आधी उदर शोधले, मग तोंड बांधले. आपण हा क्रम उलटा करीत नाही ना, याचा विचार प्रत्येक गावाने केला पाहिजे.

हा विचार राजेरजवाड्यांपुरता नाही. घर बांधताना आपण दिशा पाहतो, रस्ता पाहतो. त्याबरोबरच जमिनीचा उतार आणि पावसाच्या पाण्याची वाटही पाहावी. ओहोळाच्या वाटेत भिंत घालू नये. सबंध अंगण सिमेंटने लिंपून टाकू नये; पागोळ्यांच्या पाण्यास मुरावयास हातभर माती तरी मोकळी ठेवावी. जुनी विहीर वापरात नाही म्हणून तिच्यात केरकचरा लोटू नये. वसईकडील आपल्या बांधवांनी वाडीतील बावखल बुजवून जागा मोकळी करण्यापूर्वी, त्या बावखलामुळे शेजारच्या किती विहिरींस पाणी राहते, हे घरातील वडीलधाऱ्यांस विचारावे.

सातपुड्याने बऱ्हाणपुरास पाणी दिले, ते बांधणाऱ्यांनी त्याचा स्वभाव ओळखला म्हणून. आपल्या गावाच्या भूमीसही तिचा स्वभाव आहे. येत्या पावसाळ्यात पहिली मोठी सर येईल तेव्हा मुलांना घेऊन उंबऱ्यात उभे राहावे आणि अंगणातील पाणी कोणत्या वाटेने जाते, ते त्यांना दाखवावे. पुढे घर त्यांनाच बांधावयाचे आहे.