विंगेतले विंगेतच राहावे



स्नेहसंमेलन जवळ आले की नाटकाच्या तालमी सुरू होतात. भूमिका करणाऱ्यांचे कौतुक सगळेच करतात. आज मला पडदा ओढणाऱ्या, सामान मांडणाऱ्या व तिसरी घंटा देणाऱ्या मुलामुलींशी बोलायचे आहे.

पडद्यामागच्या माणसाला सगळे दिसते. कोण वाक्य विसरले, कोण रंगपटात रडले, कुणाला घरून बोलणी बसली. नट त्याच्यावर विश्वास टाकतात, म्हणून त्याच्यासमोर मोकळे वागतात.

काही वर्षांपूर्वी, मी शिक्षक असताना, तालमीत एक मुलगी रडली. पडदा सांभाळणाऱ्या मुलाने तेवढेच वर्गात सांगितले. तो खोटे बोलला नव्हता. पण चार दिवसांत गल्लीत त्याची भलतीच गोष्ट झाली व वडिलांनी मुलीचे नाटक बंद केले. मीही तेव्हा गप्प राहिलो, याची खंत आजही आहे. आपल्या गोडादऱ्यात घराला घर लागून आहे. संध्याकाळी ओट्यावर निघालेली गोष्ट रात्री फोनवरून खानदेशात गावी पोहोचते.

नाटकात काम करणाऱ्या बाईला लोक नावे ठेवीत. त्यामुळे मराठी रंगभूमीवर कितीतरी वर्षे स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत. १९२९ च्या सुमारास हिराबाई बडोदेकरांनी भावंडांसह नाटक मंडळी काढून स्वतः रंगमंचावर पाऊल ठेवले, त्याला केवढे धैर्य लागले असेल!

मग बोलायचेच नाही का? बोलावे, पण कामाचे. उशीर, गैरहजेरी, पाठांतर हे वहीत लिहावे व नाटक बसवणाऱ्या शिक्षकांनाच सांगावे. पुढच्या वर्षी कुणी विचारले, “ती मुलगी कशी आहे?” तर “वेळेवर येते, पाठांतर चांगले आहे,” एवढेच उत्तर द्यावे. ‘लोक म्हणतात’ने सुरू होणारे वाक्य गिळून टाकावे.

मात्र कुणी कुणाला त्रास देत असेल, अंगचटीला जात असेल, तर ते गुपित नव्हे. त्याच दिवशी शिक्षकांना सांगा. तिथे गप्प बसणे हा गुन्ह्यात सहभाग ठरेल.

पालकांनी “आत काय काय चालते?” असे मुलांना खोदून विचारू नये. विश्वस्त मंडळाने प्रत्येक तालमीला एक शिक्षिका हजर राहतील अशी व्यवस्था करावी, ही विनंती.

माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. भिंतीला कान असतात, ही म्हण तिथेही आहे. पण भिंतीला तोंड नसते, हे पडद्यामागच्याने लक्षात ठेवावे.

– मुख्याध्यापक