अडलेला संगणक आणि न जुळणारी तेरीज

'आजचे युग हे संगणकाचे युग आहे' हे वाक्य निबंधात लिहून आपण सर्वांनीच केव्हा ना केव्हा गुण मिळवले आहेत. परंतु हाच संगणक नवी ऑपरेटिंग सिस्टिम घालताना मध्येच थिजला, पडद्यावरचा आकडा पुढे सरकेना, माऊसही हलेना, तर काय करावे हे त्या निबंधात कोणी लिहीत नाही. मराठीत आपण 'हँग झाला' म्हणतो, कन्नड मित्र 'हँग आगिदे' म्हणतात, आणि दोघेही बटण दाबून बंद करतो व पुन्हा चालू करतो. तिसऱ्या खेपेस सीपीयूचा डबा पोत्यात गुंडाळून तालुक्याच्या दुकानी जातो. तेथे बहुधा झाकण न उघडताच निकाल मिळतो : "मदरबोर्ड गेला."

मुडबीत आमच्या शेजारच्या घरी गेल्या उन्हाळ्यात असाच निकाल आला. मुलीच्या शिक्षणासाठी हप्त्याने घेतलेला जुना संगणक भंगारात घालायची वेळ आली होती. दुकानदाराशी माझे भांडण नाही. गिऱ्हाईक पुष्कळ आणि वेळ थोडा. माझे म्हणणे इतकेच की, निकालाच्या आधी तपास हवा. आणि तपास कसा करावा हे वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला तरी सांगावे लागू नये. तेरीज जुळली नाही म्हणून आपण खतावणी जाळत नाही. आधी फरक काढतो. फरकाला ९ ने भाग गेला तर ५४ चे ४५ झाले आहेत काय ते पाहतो. फरक निम्मा करून तेवढी रक्कम नावेऐवजी जमेस पडली काय ते शोधतो.

या प्रश्नाला सध्या घाई आहे. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज ११ ला ४ जीबी मेमरी तर लागतेच, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची सोयही लागते, आणि ती अनेक जुन्या यंत्रांत नाही. साहजिकच कोणी लिनक्स घालून पाहतो, कोणी आहे तेच पुन्हा घालतो, आणि अडतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. टॅलीत चार नोंदी करताना यंत्राला फारसे श्रम पडत नाहीत. ऑपरेटिंग सिस्टिम घालताना मात्र पेनड्राइव्हवरून कित्येक जीबी वाचायचे, मेमरीत उलगडायचे, डिस्कवर लिहायचे, हे सारे एकदम चालते. प्रोसेसर तापतो, वीजही अधिक ओढली जाते. म्हणून एरवी झोपलेला दोष नेमका तेव्हा जागा होतो. नवी सिस्टिम वाईट असते असे नव्हे.

तेव्हा प्रथम थांबावे. यंत्र खरोखर थिजले आहे की नुसते मंद आहे, हे नम लॉक दाबून पाहावे. कळफलकावरचा दिवा लागतो-विझतो आहे आणि डिस्कचा दिवाही लुकलुकतो आहे, तर अर्धा तास वाट पाहण्यात काही जात नाही. मग तो कोठे अडतो ते लिहून ठेवावे. दर वेळी त्याच जागी अडत असेल तर पेनड्राइव्हवरची प्रत, डिस्कचा खराब भाग किंवा एखादा ड्रायव्हर यांवर संशय घ्यावा. कधी १२ टक्क्यांवर, कधी ७० वर अडत असेल तर बहुधा मेमरी, उष्णता किंवा वीजपुरवठा. आमच्याकडची उन्हाळ्यातली धूळ पंख्यात किती बसते ते झाकण उघडल्याशिवाय कळत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि यंत्र चालू झाले, तरी दोष कोणाचा हे कळत नाही, आणि पैसे तिन्हींचे जातात.

शेजारच्या संगणकात मेमरीच्या दोन पट्ट्या होत्या. वायर काढून, एक पट्टी बाजूला ठेवून पाहिले, पुन्हा अडला. ती लावून दुसरी काढली, तर काम शेवटपर्यंत गेले. मेमटेस्ट८६+ हा फुकट मिळणारा कार्यक्रम रात्रभर चालवला, त्याने काढलेल्या पट्टीतच चुका दाखवल्या. मदरबोर्ड शाबूत होता. अर्थात कधी मदरबोर्ड खरेच जातो. आणि वीजपुरवठ्याची बंद पेटी घरी कोणी उघडू नये, वायर काढल्यावरही तीत धक्का बसण्याइतका भार राहतो.

माझी सूचना साधी आहे. कॉलेजच्या प्रयोगशाळेत प्रत्येक संगणकामागे एक वही असावी : तारीख, कोठे अडला, काय बदलले, पुढे काय झाले. दुरुस्तीचे बिल मंजूर करताना ती वही समोर ठेवावी. सी-डॅकची 'बॉस' प्रणाली मराठी आणि कन्नड दोन्ही लिपी दाखवते, हे चांगलेच. परंतु अडल्यावर काय करावे हे बहुतेक इंग्रजीतच वाचावे लागते, आणि मराठी माध्यमातून आलेला मुलगा ते न वाचताच बटण दाबतो. म्हणून वहीच्या एका पानावर मराठी, समोरच्या पानावर कन्नड असावे. कोणते पान नावे आणि कोणते जमा, ते दोन्ही विभागांच्या संपादकांनी चिठ्ठी टाकून ठरवावे. वह्यांचा खर्च विद्यार्थी संघाने करावा.