तिला लागू पडली, मला का नाही?

दोघी जावा एकाच घरातल्या, एकाच चुलीवरचं जेवणाऱ्या. डॉक्टरांनी थोरलीला जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या आणि दोन महिन्यांत तिचा थकवा गेला. उरलेलं पाकीट तिनं मायेनं धाकटीला दिलं. धाकटीला मात्र काडीचाही फरक नाही! मग घरातली मंडळी म्हणतात, "हिच्या अंगी काही लागतच नाही."

या बोलण्यात थोडं तथ्य आहे. गोळीतलं जीवनसत्त्व आतड्यातून रक्तात शोषलं जावं लागतं, पुष्कळदा त्याचं वेगळ्या रूपात रूपांतर व्हावं लागतं. ही कामं करणारी प्रथिनं कशी बनवायची, याच्या सूचना जनुकांत असतात. आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशा जनुकाच्या दोन प्रती आपल्याला मिळतात. त्यांत बारीकसारीक फरक असतात. दोन्हीकडून तोच फरक आला, तर परिणाम जास्त जाणवतो. आपल्या भागात मामाची मुलगी करण्याची रीत आहे. अशा नात्यातल्या लग्नांत ही शक्यता वाढते.

फॉलिक अॅसिडचं उदाहरण घेऊ. ते शरीराला वापरता यावं यासाठी एमटीएचएफआर नावाच्या जनुकाचं काम लागतं. या जनुकाचा एक मंद प्रकार दोन्ही बाजूंनी मिळालेल्यांच्या रक्तात तेवढीच गोळी घेऊनही फोलेट सरासरी १६ टक्के कमी आढळतं. पण कमी म्हणजे शून्य नव्हे, हे लक्षात घ्या. हल्ली जनुक तपासणीचे रिपोर्ट सहज मिळतात आणि ते वाचून काही जणी फॉलिक अॅसिड बंद करतात. हे धोक्याचं आहे. बाळाचा मेंदू आणि मणका ज्या नळीतून तयार होतो, ती गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते. तेव्हा पुष्कळदा दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. म्हणून मूल हवं असणाऱ्या प्रत्येक स्त्रीनं, जनुक कोणतंही असो, आधीपासूनच रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड घ्यावं. आधीच्या बाळाला असा दोष असेल तर मात्रा पुष्कळ जास्त लागते. ती डॉक्टरच ठरवतील.

गाजर, पपई आणि शेवग्याचा पाला, म्हणजे कन्नड घरातलं नुग्गे सोप्पू, यांत बीटा कॅरोटिन असतं. शरीर त्यापासून 'अ' जीवनसत्त्व बनवतं. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या एका अभ्यासात जनुकातले दोन विशिष्ट फरक असणाऱ्या स्त्रियांत हे रूपांतर जवळजवळ दोन-तृतीयांशानं कमी आढळलं. अशांना दूध, तूप, अंडी यांतलं तयार 'अ' जीवनसत्त्व उपयोगी पडतं. गरोदरपणी मात्र 'अ' जीवनसत्त्वाची जादा मात्रा बाळाला अपाय करू शकते. तेव्हा मनानं गोळी नकोच.

'ड' जीवनसत्त्वाचंही असंच. २०१० साली युरोपीय वंशाच्या सुमारे ३४ हजार लोकांच्या अभ्यासात रक्तातल्या त्याच्या पातळीशी निगडित जनुकं सापडली. तरी ऊन अंगावर किती पडतं, याचा वाटा मोठाच राहतो.

सगळा दोष जनुकांच्या माथी मारू नका. २००१ साली पुण्यातल्या २०४ स्त्री-पुरुषांच्या तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांतल्या जवळजवळ निम्म्या लोकांच्या रक्तात बी-१२ कमी होतं, फोलेट मात्र बहुतेकांचं पुरेसं होतं. आपल्याकडे बी-१२ कमी असण्याचं मोठं कारण आहार हेच आहे, कारण ते भाजीपाल्यात नसतं. अशा माणसानं नुसतं फॉलिक अॅसिड घेतलं तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं, पण नसांची हानी आतल्या आत चालूच राहते. हातापायांना मुंग्या येत असतील तर शेजारणीची गोळी मागू नका, बी-१२ तपासून घ्या.

आणखी एक इशारा. जी-६-पीडी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असणाऱ्यांना 'क' जीवनसत्त्वाची फार मोठी मात्रा, विशेषतः शिरेतून दिलेली, तांबड्या पेशी फुटण्याचं कारण होऊ शकते. ही कमतरता पुरुषांत जास्त आढळते. घरात कुणाला ती असेल, तर सलाईन लावण्याआधी डॉक्टरांना आवर्जून सांगा.

मग करायचं काय? महागड्या जनुक तपासणीमागे धावण्यापेक्षा आधी साधी रक्त तपासणी करून घ्या. गोळ्या सुरू केल्यावर डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा तपासा, म्हणजे त्या अंगी लागल्या की नाही ते कळेल. आईला, मावशीला, मामाला काय त्रास होता, तेही डॉक्टरांना सांगा. आणि जावेला साडी द्या, दागिना द्या, पण उरलेल्या गोळ्यांचं पाकीट तेवढं देऊ नका!