चुटकीचा दावा

२०२० सालच्या टाळेबंदीत सारा देश घरात कोंडलेला असताना, एका चिमुरडीला न्याय मिळावा म्हणून समाजमाध्यमांवर मोठा गिल्ला झाला. चिमुरडीचे नाव चुटकी. ‘छोटा भीम’ या चित्रमालिकेतील ती एक पात्र. भीमाने तिला टाकून राजकन्या इंदुमतीशी लग्न लावले, अशी वार्ता उठली आणि कित्येक सुशिक्षित माणसे एकाएकी चुटकीची कैवारी झाली. पुष्कळांनी हे थट्टेने केले, हे मला कळते. तथापि गलका एवढा वाढला, की मालिका निर्माण करणाऱ्या आमच्या हैदराबादेच्या ग्रीन गोल्ड ॲनिमेशन या संस्थेला जाहीर खुलासा करावा लागला : पात्रे अजून बालके आहेत, लग्नाची बातमी खोटी आहे, बालकांच्या आयुष्यात प्रेम आणि विवाह आणू नका.

खुलासा योग्यच होता. चूक झाली ती दावा लावणाऱ्यांची. आम्हां वकिलांच्या अर्जात ‘दाव्यास कारण’ म्हणून एक कलम असते. ते चुकले की पुढची सारी कैफियत फुकट जाते. चुटकीच्या दाव्यास कारण भीमाच्या लग्नाने घडलेले नाही. ते २००८ साली, ही मालिका पोगो वाहिनीवर प्रथम दिसली तेव्हाच घडले. मुदतीची हरकत कोणी घेऊ नये. कारण हा अन्याय एकदा घडून संपलेला नाही, मालिका लागेल तेव्हा तो नव्याने घडतो.

अन्याय कोणता, ते सांगतो. ढोलकपूर नावाच्या गावी नऊ वर्षांचा भीम राहतो. संकट आले की तो लाडू खातो, त्याच्या अंगी दहा हत्तींचे बळ संचारते आणि दुष्टांचे निर्दालन होते. हे लाडू त्याला पुरविणारी ती चुटकी. ती भित्री नाही, मूर्ख नाही. संकटात ती बरोबर जाते, प्रसंगी दोन हातही करते. पण बळ ज्या पदार्थात आहे तो पदार्थ जिच्या हातात आहे, तिने तो स्वतः खाऊन दैत्याला लोळविणे हा मालिकेचा नियम नव्हे. शक्ती तिच्या हातातून जाते, अंगात मात्र उतरत नाही. घरोघरच्या चार-पाच वर्षांच्या मुली हे पाहतात आणि त्यांना जे समजायचे ते त्या समजतात.

यावर आपल्या मंडळींचा पहिला आक्षेप ठरलेला. अन्न देणे का हलके? अन्नपूर्णा ही आपली देवताच आहे! मान्य. परंतु काशीच्या त्या कथेत हाती पळी धरलेली देवी स्वामिनी आहे आणि भिक्षापात्र घेऊन तिच्या दारी साक्षात विश्वनाथ उभा आहे. ढोलकपुरात दात्री कोणाच्या दारी उभी आहे? आणि अन्नाचाच महिमा गायचा तर महाभारत उघडावे. ज्याचे नाव या पोराला दिले, तो भीमसेन विराटाच्या घरी वर्षभर बल्लव होऊन मुदपाकखाना सांभाळीत होता. ‘बल्लवाचार्य’ हा शब्द मराठीने तेथूनच उचलला. व्यासांच्या भीमाला आपला स्वयंपाक आपण करता येत होता. हैदराबादेस येताना ही विद्या त्याच्याकडून कोणी काढून घेतली?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार. महाबळी स्त्रिया हे अमेरिकी चित्रकथांचे फॅड आहे, घट्ट कपडे घालून इमारतींवरून उड्या मारणाऱ्या बाया आमच्या संस्कृतीत बसत नाहीत, असे म्हणणारे गृहस्थ देवळाच्या सभामंडपातच भेटतात, आणि गंमत अशी की बहुधा नवरात्रातच भेटतात. ज्या गाभाऱ्याकडे पाठ करून ते हे बोलतात, त्या गाभाऱ्यात काय आहे? देवीमाहात्म्यातील कथा इतकीच, की महिषासुरापुढे सगळे देव हरले. मग शिवाने त्रिशूळ दिला, विष्णूने चक्र, इंद्राने वज्र, हिमालयाने सिंह. आणि देवी लढली. देवांनी आयुधे पुरविली, लढाई तिने केली. ढोलकपूरचा क्रम आणि हा क्रम शेजारी ठेवून पाहावा. वणीच्या सप्तशृंगीला अठरा हात आहेत. त्यांपैकी एकाही हातात लाडूंची परात नाही.

अमेरिकेलाही हे पहिल्या दिवशी कळले नव्हते. विल्यम मार्स्टन या मानसशास्त्रज्ञाने १९४१ साली ‘वंडर वुमन’ निर्माण केली. पुढल्याच वर्षी चित्रकथेतल्या वीरमंडळात तिला प्रवेश मिळाला तो चिटणीस म्हणून! पुरुष वीर लढायला जाणार आणि त्या सर्वांना भारी असलेली ही बाई टिपणे ठेवणार. तिच्या नावाची मालिका दूरचित्रवाणीवर यायला १९७५ साल उजाडले. तेव्हा चुटकीचा लाडू ही काही आमचीच खास परंपरा नव्हे. चिटणिशीची ती बहीण आहे. परंपरेच्या नावाने तिचे रक्षण करणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे.

आणि आता बांगडीचे पाहा. ‘हातात बांगड्या भरल्या आहेत काय?’ हा आपला जुना टोमणा. विधिमंडळांच्या दारात निषेध म्हणून बांगड्या फेकल्या जातात. त्या फेकणाऱ्या पुष्कळदा स्त्रियाच असतात, हे त्याहून वाईट. २०२२ साली ‘मिस मार्व्हल’ ही सहा भागांची मालिका आली. तिचा आधार २०१४ साली सुरू झालेली चित्रकथा. नायिका कमला खान ही न्यू जर्सीत वाढलेली, पाकिस्तानातून गेलेल्या कुटुंबातली शाळकरी मुलगी. मूळ चित्रकथेत तिला बळ येते ते एका विलक्षण धुक्यातून. मालिकाकारांनी ते बदलले आणि पणजीच्या बांगडीतून आणले. त्या बांगडीच्या योगे कमला १९४७ च्या फाळणीतल्या रेल्वे स्थानकावर जाऊन पोहोचते आणि गर्दीत हरवलेल्या आपल्याच आजीला, जी तेव्हा तान्ही पोर आहे, तिच्या बापाकडे पोहोचविते. बळाचा उपयोग मुलीने केला तो कोणाला बुकलण्यासाठी नव्हे. घर मुसलमानाचे म्हणून ही मालिका पाहू नये, असे मला एका सद्गृहस्थांनी बजावले. हैदराबाद संस्थानातील ज्या मराठी कुटुंबांनी १९४७-४८ साली रझाकारांच्या भयाने घरे सोडून सरहद्दीपलीकडे आसरा घेतला, त्यांच्या वंशजांना गर्दीत हरवलेले मूल कोणत्या धर्माचे, हा प्रश्न सुचावा याचे मला नवल वाटते. जी वस्तू आम्ही भेकडपणाची खूण म्हणून फेकतो, ती दुसऱ्यांनी उचलली आणि तिच्यातून पणजीचे सामर्थ्य काढून दाखविले, हे मात्र मला बोचते.

कारण हे सामान आमच्याच घरात होते. कार्कळचे, कोंकणी घरातले अनंत पै यांनी १९६७ साली अमर चित्र कथा सुरू केली. झाशीची राणी, अहमदनगरची चांदबीबी, अहिल्याबाई या सगळ्या तिच्या पानांवर येऊन गेल्या. हैदराबादेहून दीडएकशे किलोमीटरांवर वरंगळ आहे. तेथे तेराव्या शतकात रुद्रमादेवीने काकतीयांचे राज्य चालविले. शिलालेखांत तिला पुरुषी नावाने ‘रुद्रदेव महाराज’ म्हटले आहे. राज्य करायला तिला पुरुषाचे नाव घ्यावे लागले, ही गोष्ट मुलींना सांगण्याजोगी आहे आणि मुलांना तर अधिकच. चित्रे हलविण्याची विद्या शहरात, कथा शेजारच्या जिल्ह्यात. आणि घरोघरी ठाऊक झाली ती लाडूवाली. मुलगे मुलीची गोष्ट पाहत नाहीत, असे व्यापारी सांगतात. सप्तशतीचा पाठ ऐकायला पुरुष येत नाहीत काय?

मात्र चित्रमालिकेच्या कर्त्यांवर सगळा खर्च लादून आपल्याला सुटता येणार नाही. त्यांनी हे ढोलकपूर आकाशातून आणले नाही. आपल्या उत्सवांत पालखीला खांदा कोण देतो, ढोल कोणाच्या गळ्यात असतो, आणि बाहेर मंडपात प्रसादाचे द्रोण पुढे करीत कोण उभी असते, हे सर्व वाचकांना ठाऊक आहे. ज्या देवस्थानांत घटनेने वा परंपरेने काही ठरलेले असेल तेथला वाद निराळा. पण पुष्कळ ठिकाणी असे काहीही ठरलेले नाही, नुसती सवय आहे. माझी दाद एवढीच, की येत्या नवरात्रात अशा देवस्थानांच्या समित्यांनी ढोल-ताशा आणि लेझीम मुलींच्या हाती द्यावे, पालखीचा एक दांडा त्यांच्या खांद्यावर ठेवावा, आणि लाडू वळायला व वाटायला पंधरा वर्षांचे मुलगे बसवावेत. साहित्याची यादी पुजाऱ्यांकडे असतेच.